पहिली पत कोण देणार?

गेल्या वर्षी संवत्सरीनंतर क्षमापनेसाठी एका स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. कुटुंब किराणा व्यापारातले. त्यांची कन्या बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षांची पदवी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेली. परंतु घरात त्याचा आनंद दिसेना. विषय निघताच ती म्हणाली, “काका, सहा रुग्णालयांत मुलाखती दिल्या. सगळीकडे एकच प्रश्न, अनुभव किती? नोकरीच नाही तर अनुभव कुठून आणू?” तिच्या आजी हळूच म्हणाल्या, “आपल्या घरात हे काम कुणी केलंय? दुकानाचा हिशेब पाहिला असता तर बरं झालं असतं.”

तिच्या प्रश्नाने मला बँकेतील दिवस आठवले. प्रथमच कर्ज मागणाऱ्या तरुणापाशी परतफेडीचा इतिहास नसे. अशा वेळी आम्ही त्याची कागदपत्रे, धंद्याची समज आणि सचोटी पाहत असू. आपल्यातील अनेक पेढ्या अशाच कुणीतरी दिलेल्या पहिल्या उधारीवर उभ्या राहिल्या. ज्याची पत अजून निर्माण व्हायची आहे, त्याला पहिली पत मिळते ती तयारीच्या पुराव्यावर. परिचारिकेच्या पहिल्या नोकरीलाही हाच न्याय लागू आहे.

मी तिचा अर्ज मागवला. त्यात लिहिले होते, ‘अनुभव : नाही’. वस्तुतः चार वर्षांत तिने मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरुग्ण आणि मानसोपचार या विभागांत वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम केले होते. महाविद्यालयाच्या नोंदवहीत त्याची स्वाक्षरीसह नोंद होती. आम्ही अर्ज नव्याने लिहिला. कोणत्या विभागात किती आठवडे, कोणती कामे स्वहस्ते केली, हे सारे त्यात आले. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे नोंदणी प्रमाणपत्र जोडले. बेसिक लाइफ सपोर्टचे अल्पमुदतीचे प्रशिक्षणही तिने घेतले.

मुलाखतीत मोठे सिद्धांत क्वचितच विचारतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, ही पंचसूत्री आणि मात्रेचे गणित मात्र हमखास विचारतात. धनादेश मंजूर करताना तारीख, रक्कम, सही पाहण्याचीच ही शिस्त. फरक इतकाच, की येथील चूक खाते दुरुस्त करून निस्तरता येत नाही.

सरकारी वाटही पाहावी. एम्सची ‘नॉरसेट’ ही भरती परीक्षा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना नोंदणी असल्यास अनुभवाविना देता येते. जीएनएम पदविकाधारकांना मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून पदविका घेतलेल्या मुलीने पहिली नोकरी निवडताना खाटांची संख्या अवश्य विचारावी आणि अनुभव प्रमाणपत्रावर ती लिहून घ्यावी.

पुढे एक रुग्णालय तयार झाले. पण अटी विचित्र. दोन वर्षांचा बाँड, मूळ गुणपत्रिका त्यांच्या ताब्यात आणि सही केलेला कोरा धनादेश. वडील म्हणाले, “दोनच वर्षांचा प्रश्न आहे, देऊन टाकू.” मी त्यांना थांबवले. सही केलेल्या कोऱ्या धनादेशावर समोरच्याने रक्कम भरली, तरी तो देणे फेडण्यासाठीच दिला होता असे कायदा प्रथमदर्शनी गृहीत धरतो. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावर येते. जो व्यापारी गिऱ्हाइकाला कोरा धनादेश देणार नाही, त्याने मुलीला तो का द्यायला लावावा? मूळ कागद दाखवावेत आणि छायाप्रती देऊन परत आणावेत.

ती नोकरी तिने नाकारली. पुढचे दोन महिने घरात कठीण गेले. मग जिल्ह्याच्या गावी एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात जागा मिळाली. वेतन थोडे कमी; पण रीतसर नियुक्तिपत्र, भविष्य निर्वाह निधी आणि पहिले तीन महिने अनुभवी परिचारिकेची सोबत.

आता आपल्या समाजाविषयी. रुग्णालये, डायलिसिस केंद्रे, रक्तपेढ्या यांच्या विश्वस्त मंडळांवर आपल्यापैकी अनेक जण आहेत. औषधदानासाठी आपला हात सैल असतो. ते औषध रुग्णाला वेळेवर देणाऱ्या हातांचा विचार मात्र मागे राहतो. प्रत्येक संस्थेने दरवर्षी काही जागा नवशिक्यांसाठी राखाव्यात आणि लेखी नियुक्ती, अनुभवी मार्गदर्शक व अनुभव प्रमाणपत्र द्यावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही परिचारिकेचे वेतन २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे, अशी शिफारस केली आहे. विश्वस्तांनी आपले वेतनपत्रक एकदा त्याच्याशी ताडून पाहावे.

आणि घरच्यांनी? स्थळ पाहताना ‘रात्रपाळी असते का?’ हा प्रश्न कमीपणाच्या सुरात विचारणे थांबवावे. सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्याला स्थान आहे. श्रमण परंपरेने ज्या सेवेला तप मानले, तिला आपण हलके काम कसे म्हणावे?

यंदा क्षमापनेला गेलो तेव्हा ती घरी नव्हती. रात्रपाळीला गेली होती. कुठे आहे म्हणून विचारले, तर उत्तर आजींनीच दिले, “वैयावच्च करायला गेली आहे.”