नाट्यगृहाबाहेरील संगीत नाटक : बऱ्हाणपुराच्या निमित्ताने

अलीकडे संगीत नाटकांतील पदे जितकी कानी पडतात, तितकी संगीत नाटके डोळ्यांना दिसत नाहीत. नाट्यसंगीताच्या मैफली होतात. गायक एकामागून एक पदे गातो, निवेदक मधली जागा भरून काढतो आणि टाळ्या मिळतात. परंतु सुभद्रा कोणावर रुसली आहे आणि का रुसली आहे, हे ठाऊक नसताना तिचे पद ऐकणे म्हणजे पत्राचा मजकूर सोडून अक्षराचे कौतुक करण्यासारखे आहे. हा अनुभव पुण्या-मुंबईकडेही येतो. मग आमच्या बऱ्हाणपुरासारख्या, मराठी मुलखाच्या कडेला पडलेल्या गावी तो अधिक तीव्रतेने यावा, यात नवल नाही.

हे गाव एकेकाळी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होते. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली ते मराठ्यांकडे आले. पुढे १९५६ पर्यंत आमच्या प्रांताचा कारभार नागपुराहून चाले. त्यानंतर तो भोपाळहून चालू लागला. भुसावळ आगगाडीने तासाभराच्या अंतरावर आहे, घरात मराठी बोलली जाते, पण शाळा, बाजार आणि कचेरी हिंदीत चालते. व्यावसायिक नाटक मंडळीस येथे येणे परवडत नाही आणि आले तरी प्रयोगास साजेसे रंगमंदिर मिळणे कठीण. तेव्हा संगीत नाटक येथे व्हावयाचे असेल, तर ते नाट्यगृहाबाहेरच व्हावे लागेल. प्रश्न एवढाच की, ही केवळ अडचणीतून काढलेली पळवाट आहे, की तीत काही स्वतंत्र गुणही आहे?

पाश्चात्त्य रंगभूमीवर ज्यास हल्ली 'इमर्सिव्ह' प्रयोग म्हणतात, त्यास आम्ही येथे 'वेढून घेणारा प्रयोग' म्हणू. प्रेक्षक समोर बसून पाहत नाही. नाटक त्याच्या भोवती घडते. लंडनच्या टूटिंग भागातील एका जुन्या खाणावळीत २०१४ साली 'स्वीनी टॉड' हे १९७९ सालचे संगीत नाटक असे पुनरुज्जीवित झाले. नाटकातील बाई मांसाच्या पुऱ्या विकते आणि प्रेक्षकही तशाच पुऱ्या विकणाऱ्या दुकानाच्या बाकांवर बसलेले! पुढे तो प्रयोग न्यूयॉर्कपर्यंत गेला. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी : ती जागा नाटकाच्या सोयीसाठी निवडलेली नव्हती, अर्थासाठी निवडलेली होती.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. केवळ नाव नवे आहे. काशीपलीकडील रामनगरची रामलीला महिनाभर चालते आणि सबंध गावच तिचा रंगमंच असतो. लंका एकीकडे, अयोध्या दुसरीकडे. रामाबरोबर प्रेक्षकही चालत जातात, रामायणी मंडळी मानस गातात आणि ध्वनिक्षेपकाचा आधार घेतला जात नाही. कोकणातील दशावतार देवळाच्या आवारात रात्रभर रंगतो. गोव्यात जत्रेच्या निमित्ताने गावकरीच देवळापुढे नाटक उभे करतात. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत सुगीनंतर उभारलेल्या मांडवातून गाण्यांसह नाटके चालतात. खुद्द विष्णुदास भाव्यांचा १८४३ सालचा पहिला प्रयोग सांगलीच्या राजवाड्यात झाला, नाट्यगृहात नव्हे.

पुनरुज्जीवनाचाही एक दाखला आपल्या घरातच आहे. बोलपट आल्यानंतर नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली आणि कित्येक मंडळ्या बंद पडल्या. अशा काळात, सांगलीतील शताब्दीच्या पाठोपाठ १९४४ साली, डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने मुंबई मराठी साहित्य संघाने नाट्यमहोत्सव भरविला. संघाची स्वतःची वास्तू उभी राहिली ती १९६४ साली. त्यापूर्वी कित्येक वर्षे संघाची नाटके उघड्या रंगमंचावर होत. मराठी नाटक तगले ते काही अंशी आकाशाखालीच, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र तो रंगमंच उघडा असला तरी प्रेक्षक समोरच बसे. वेढून घेण्याचा प्रश्न तेथे उद्भवला नव्हता.

तो उद्भवला की पहिली अडचण येते संगीताची. गद्य नाटकातील पात्र चौकातून माडीवर गेले तरी बिघडत नाही. गाणाऱ्या पात्राचे तसे नसते. पायपेटी जागची हलत नाही, तबलजी बसून वाजवितो, आणि गायकाचा कान या दोघांना बांधलेला असतो. अंतर वाढले की आधी लय सुटते, मग सूर. ध्वनिक्षेपक लावावा, तर नट उजवीकडे आणि आवाज डावीकडे असा चमत्कार होतो. ज्या जवळिकीसाठी हा खटाटोप करावयाचा, तीच नाहीशी होते.

म्हणूनच नाटकाची निवड महत्त्वाची ठरते. १९११ च्या 'मानापमाना'तील गोविंदराव टेंब्यांच्या चाली किंवा १९१६ च्या 'स्वयंवरा'तील भास्करबुवा बखल्यांच्या चाली ख्यालाच्या अंगाने वाढलेल्या आहेत. बालगंधर्वांमागे कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँसाहेबांचा तबला असे; त्या गाण्यास स्थिर आसन आणि शांत छप्पर हवे. उलट, अण्णासाहेब किर्लोस्करांची नाटके पाहा. १८८० च्या 'शाकुंतला'त पदांची संख्या दोनशेच्या घरात होती. एवढी पदे एकाच नाटकात मावतात, ती आटोपशीर असल्यामुळेच. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत हे सारे कीर्तनकाराच्या आणि आख्यानाच्या ओळखीचे प्रकार. ते सांगता सांगता गाता येतात, उभ्याने गाता येतात आणि प्रसंगी नुसत्या झांजेवरही निभावतात. आमच्या मते, नाट्यगृहाबाहेर जावयाचे असेल तर गंधर्वकाळाकडून किर्लोस्करांकडे मागे चालत जावे. रसिकांस हे मत रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे.

याचा पडताळा आम्ही काही मंडळींनी गावातील एका जुन्या वाड्यात घेऊन पाहिला. 'सौभद्रा'तील निवडक प्रवेश; प्रेक्षक साठ-सत्तर. रुक्मिणीचा महाल म्हणून माडीचा सज्जा, घटोत्कचाने निजलेल्या सुभद्रेला ठेवावयाचे अरण्य म्हणून परसू, आणि बाकीचे सर्व चौकात. पेटी आणि तबला ओसरीच्या कोपऱ्यात, जेथून सज्जाही दिसतो आणि परसाचे दारही. तीन बाजूंच्या भिंती आवाज परत देतात, त्यामुळे दबलेला स्वरही पोचतो. हे सुख उघड्या मैदानात नाही. नारद देवडीतून, प्रेक्षकांना वाट मागत आला, तेव्हा एका आजीबाईंनी त्याला खरोखरच नमस्कार केला. यतिवेष घेतलेल्या अर्जुनापुढे बलराम हात जोडतो, तेव्हा त्याचे कपट जाणणारे प्रेक्षक त्याच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांचे हसू अर्जुनास दाबून टाकता येईना. हा विनोद दहाव्या रांगेतून कधीच इतका जवळून दिसला नसता.

फसलेल्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. मागील गल्लीतील मागांची खटखट आमच्या तालमीच्या वेळी कोणाच्याही लक्षात आली नाही, कारण आम्हांस ती इतकी सवयीची आहे. प्रयोगाच्या दिवशी मात्र तबल्याच्या ठेक्यात दुसराच ठेका मिसळू लागला. शेवटी एकजण जाऊन शेजारच्या कारखानदारांस विनवून आला. त्यांनी दोन तास माग थांबविले आणि स्वतः येऊन ओसरीवर बसले. त्यांची भाषा उर्दू. तरी शेवटपर्यंत बसले. परसात जावयाचे तेव्हा मात्र सगळेच प्रेक्षक उठले, दारात दाटी झाली आणि सुभद्रेचे अर्धे पद मागच्यांना ऐकूच आले नाही. प्रेक्षक हलवावयाचा तर त्याला वाट दाखविणारा कोणी हवा. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार अखेरपर्यंत रंगभूमीवर राहून पदे गात असे. ती जुनी सोय आम्ही विसरलो होतो. नांदी झाल्यावर सूत्रधारास आत पाठवून देण्याऐवजी त्याच्याच हाती कंदील द्यावा, हे आम्हांस मागून सुचले.

येथे कोणी विचारील : वाड्यातच का? आमच्या गावी शाही किल्ला आहे, त्यातील चित्रांकित हमामखाना आहे. तापीपलीकडे आहुखाना आहे, जेथे १६३१ साली मुमताजमहलचे शव काही काळ ठेवले होते. अल्काझींनी १९६३ साली दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या भिंतींत 'अंधायुग' केले, मग येथे का नको? एक तर संरक्षित वास्तूत करमणुकीचा कार्यक्रम करावयाचा, तर केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. तेथील रंगास व दगडास दिव्यांची आच आणि गर्दीचे धक्के सोसणारे नाहीत. दुसरे कारण आम्हांस अधिक वजनदार वाटते. कोटल्याचे भग्न अवशेष 'अंधायुगा'च्या युद्धोत्तर विषयाशी बोलतात. द्वारकेतील लग्नघराची खटपट आणि मोगलांचा हमामखाना यांचा संबंध काय? जागा भव्य आहे म्हणून तेथे नाटक नेणे म्हणजे नाटकास पर्यटनाच्या दावणीला बांधणे होय. 'सौभद्र' हे घरातले नाटक आहे : बहिणीचे लग्न, थोरल्या भावाचा हट्ट, धाकट्याची चतुराई. त्यास घरच हवे.

आणि अशी घरे कमी होत आहेत. चौक असलेला वाडा पाडून तेथे गाळे काढणे अधिक फायद्याचे, हे आम्हीही जाणतो. ज्या वाड्यात आम्ही प्रयोग केला, त्याच्या वाटण्यांची बोलणी चालू आहेत. प्रयोगानंतर मालकांच्या नातवाने आम्हांस हिंदीत विचारले, "यति म्हणजे कोण?" आम्ही सांगितले. मग त्याने सुभद्रा सज्ज्यात का नव्हती, रुक्मिणीच का होती, हेही विचारले आणि माडीवर जाऊन पाहून आला. त्याच्या आजोबांनी पुढच्या दिवाळीपर्यंत चौक आम्हांस देऊ केला आहे. सूत्रधारासाठी कंदील आणि परसाच्या दाराशी दोन माणसे, इतकी तजवीज आम्ही आताच करून ठेवली आहे. पायपेटीचा भाता मात्र दुरुस्तीस भुसावळास न्यावा लागेल.