शिलालेख, भित्तिचित्रें व वाडे यांच्या छायाचित्रणासाठीं रुंद कोनाच्या भिंगाची निवड

ऐतिहासिक साधनांच्या नकला पूर्वीं हातानें उतरून घेत असत. हल्लीं बहुतेक संग्राहक त्यांचीं छायाचित्रें घेतात. नक्कल करणारा लेखक कोठें चुकतो, हें ज्यांनीं पोथ्या ताडून पाहिल्या आहेत त्यांस सांगावयास नको. त्याचा डोळा एका ओळीवरून दुसरीवर घसरतो, 'घ' चा 'ध' होतो, समासांतील टीप मूळ ग्रंथांत शिरते. कॅमेऱ्याचें भिंग हाहि एक लेखकच होय, आणि त्याचेहि दोष ठरावीक जातींचे असतात. त्यांतल्या त्यांत रुंद कोनाच्या भिंगाचे, ज्यास छायाचित्रकार वाइड-अँगल म्हणतात त्याचे, दोष अधिक फसवे. कारण तें पुष्कळ दाखवितें आणि पाहणारा तेवढ्यानेंच संतुष्ट होतो. डिजिटल मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यासाठीं असें भिंग घेतांना कोणत्या कसोट्या लावाव्या, हें येथें सांगावयाचें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, चित्रांत किती मावतें हा प्रश्न दुय्यम असून कडेचें अक्षर वाचतां येतें कीं नाहीं हा मुख्य आहे. आणि जागेची अडचण भागेल इतकेंच रुंद भिंग घ्यावें, त्याहून रुंद घेऊं नये.

मूळ वस्तु जागेवर आहेच, मग नकलेची एवढी चिंता कशास, अशी शंका कोणी घेईल. तिला उत्तर असें कीं, मूळहि जातें आणि नक्कलहि जाते. जें उरेल तेंच साधन ठरतें. रॉबर्ट गिल यानें केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला १८६६ सालीं लंडन येथील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत बहुतेक जळाल्या. पुढें जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनीं १८७२ पासून खपून ज्या नव्या नकला केल्या, त्यांपैकींहि पुष्कळ १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टन येथील आगींत गेल्या. तरीहि जें वांचलें व ग्रिफिथ्सनें १८९६-९७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें, त्याचा अभ्यासकांस आजहि आधार घ्यावा लागतो. इतकें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. आम्ही राहतों तें पिंपळे सौदागर हें पवनेच्या कांठचें शेतीचें गांव होतें. आज तेथें उंच इमारती आहेत. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली, त्यानंतरच्या चाळीस वर्षांत या पट्ट्यांतील गांवठाणांचें रूप पार पालटलें. जुनें घर पाडावयाचें ठरलें म्हणजे आंत जाऊन छायाचित्रें घेण्यास एखादाच दिवस मिळतो. त्या दिवशीं जें भिंग हातीं असेल, त्याच्या डोळ्यांनींच पुढील पिढ्या तें घर पाहणार.

(१) पटल आणि कोन. मीडियम फॉरमॅट हें नांव फिल्मच्या काळचें आहे. सुमारें सहा सेंटिमीटर रुंदीच्या फिल्मवर जे कॅमेरे चित्र घेत त्यांस तें लावीत. डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं प्रकाश टिपणारें पटल असतें. नेहमींच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यांत तें ३६ × २४ मि.मी. असतें. फुजीफिल्मची जीएफएक्स मालिका, हॅसलब्लाडची एक्स मालिका व पेंटॅक्स ६४५झेड यांत तें सुमारें ४४ × ३३, आणि फेज वनच्या मोठ्या कॅमेऱ्यांत सुमारें ५३ × ४० मि.मी. आहे. या तिन्हींचे कर्ण अनुक्रमें सुमारें ४३, ५५ व ६७ मि.मी. भरतात. भिंगास किती रुंद दिसेल हें त्याचें नाभीय अंतर आणि पटलाचा कर्ण या दोहोंवर ठरतें. म्हणून ४४ × ३३ च्या पटलावरील नाभीय अंतरास ०.७९ नें गुणिलें म्हणजे फुल-फ्रेमवरील समतुल्य अंतर निघतें : ४५ चें सुमारें ३६, ३० चें २४ आणि २३ चें १८. फुजीनॉनचीं २३, ३० व ४५ मि.मी. चीं आणि हॅसलब्लाडचीं २१, ३० व ४५ मि.मी. चीं भिंगें या वर्गांत येतात. फुजीनॉनचीं २०–३५ व ३२–६४ मि.मी. चीं अंतर बदलणारीं भिंगेंहि आहेत. पुढील सर्व आंकडे ४४ × ३३ च्या पटलाचे आहेत.

(२) किती रुंद पाहिजे. हें अंदाजानें न ठरवितां टेपनें ठरवावें. मागें सरकण्यास मिळणारें अंतर गुणिलें ४४, भागिलें भिंतीची रुंदी, म्हणजे लागणारें नाभीय अंतर मिलिमीटरांत निघतें. उदाहरणार्थ, ओसरीची चित्रित भिंत साडेतीन मीटर रुंद आहे व कॅमेरा तीपासून अडीच मीटर दूर ठेवतां येतो. तर उत्तर सुमारें ३१ येतें. ३० चें भिंग पुरें झालें. २३ चें घेण्याचें कारण उरलें नाहीं. भिंतीच्या उंचीसाठीं ४४ च्या जागीं ३३ घालून तेंच गणित करावें, व दोहोंपैकीं जें अंतर लहान निघेल तें धरावें. तीन मीटरांवरून ४५ च्या भिंगांत भिंतीचा सुमारें २.९ × २.२ मीटर भाग मावतो, ३० च्या भिंगांत ४.४ × ३.३, आणि २३ च्या भिंगांत ५.७ × ४.३ मीटर.

सुट्या कागदासाठीं अथवा पोथीसाठीं मात्र हें भिंग वापरूंच नये. तें कागदाच्या अगदीं जवळ आणावें लागतें; कॅमेऱ्याची सावली पानावर पडते, आणि बांधलेल्या वहीचें पान जेथें शिवणीकडे वळतें तेथील अक्षरें वळणाआड जातात. पोथीस लांब नाभीय अंतराचें, जवळून टिपण्यासाठींच बनविलेलें मॅक्रो भिंग योग्य. रुंद कोनाचें भिंग जेथें मागें सरकण्यास जागा नाहीं तेथचें आहे : ओसरी, माजघर, गाभारा, लेणें.

(३) रेषेवर किती बिंदु. डिजिटल प्रतिमा बिंदूंची बनलेली असते. दहा कोटी बिंदूंच्या जीएफएक्स कॅमेऱ्यांत आडव्या बाजूस ११,६४८ बिंदु असतात, पांच कोटींच्या कॅमेऱ्यांत ८,२५६. वरील तीन मीटरांच्या उदाहरणांत दहा कोटींच्या कॅमेऱ्यानें भिंतीच्या एका मिलिमीटरावर ४५ च्या भिंगानें सुमारें ४ बिंदु पडतात, ३० च्या भिंगानें २.६ आणि २३ च्या भिंगानें अवघे २. पांच कोटींच्या कॅमेऱ्यानें अनुक्रमें २.८, १.९ व १.४. अक्षराच्या रेषेच्या जाडीवर निदान तीन बिंदु पडावे असें प्रमाण आम्ही धरतों. दगडांत खोदलेल्या दोन मिलिमीटर रेषेस २३ चें भिंगहि चालेल. परंतु भिंतीवर शाईनें लिहिलेल्या मोडी अक्षराची रेषा अर्धा मिलिमीटर असली तर मिलिमीटरास सहा बिंदु पाहिजेत, म्हणजे दहा कोटींच्या कॅमेऱ्यानेंहि एका चित्रांत दोन मीटरांहून अधिक रुंद भाग घेतां कामा नये. तेथें अधिक रुंद भिंगानें कांहींच साधत नाहीं. भिंतीचे भाग पाडून अनेक चित्रें घ्यावीं व मागाहून जोडावीं. जोडतांना सांधा कळावा म्हणून प्रत्येक चित्रांत शेजारच्या चित्राचा तिसरा हिस्सा तरी पुन्हां यावा.

(४) कडेचे दोष. हे तीन आहेत व ते निरनिराळे ओळखावे. पहिला, सरळ रेषा वांकणें. हा भिंगाच्या बनावटीचा दोष असून आजच्या अनेक भिंगांत तो कॅमेरा किंवा संगणक गणितानें सरळ करतो. ती दुरुस्ती म्हणजे संपादकानें सुधारलेला पाठ होय. ती करूं नये असें नाहीं. पण ती केल्यानें कडेचे बिंदु ताणले जातात व अक्षर तितकें मऊ पडतें, हें ध्यानांत ठेवावें. दोन भिंगें सारखीं वाटलीं तर ज्यास ही दुरुस्ती कमी लागते तें घ्यावें.

दुसरा दोष भिंगाचा नसून रुंद कोनाचाच आहे. सपाट भिंत पटलास समांतर असेल तर ती जशीच्या तशी येते. पण घन वस्तु कडेस ताणली जाते. चित्राच्या उजव्या वा डाव्या कडेस उभा असलेला गोल खांब ४५ च्या भिंगांत सुमारें १.११ पट जाड दिसतो, ३० च्या भिंगांत १.२४ पट आणि २३ च्या भिंगांत १.३८ पट. भिंग कितीहि मोलाचें असलें तरी हें टळत नाहीं. कार्ल्याच्या चैत्यगृहांत दोन्हीं बाजूंस पंधरा-पंधरा अठपैलू खांब आहेत व त्यांपैकीं कांहींवर दानलेख आहेत. अशा खांबाचें मोजमाप रुंद कोनाच्या चित्राच्या कडेवरून काढणारा हमखास फसेल. संपूर्ण मंडपाचें चित्र रुंद भिंगानें घ्यावें. प्रत्येक खांबाचें व त्यावरील लेखाचें चित्र मात्र लांब भिंगानें, खांब मधोमध ठेवून, निराळें घ्यावें.

तिसरा दोष कोपऱ्यांतील अंधाराचा व अस्पष्टतेचा. साध्या भिंगाच्या गणिताप्रमाणें ४५ च्या भिंगाच्या कोपऱ्यांत मध्याच्या मानानें निम्मा प्रकाश पोंचतो, ३० च्या भिंगाच्या तीन दशांश, आणि २३ च्या भिंगाच्या सुमारें सहावा हिस्सा. १९०० सालच्या गोएर्झ कंपनीच्या हायपरगॉन भिंगांत ही तूट इतकी होती कीं, मधला प्रकाश अडविण्यासाठीं भिंगापुढें एक लहानसें फिरतें चक्र बसवावें लागे. आधुनिक रचनेंत ती पुष्कळ कमी केलेली असते व उरलेली कॅमेरा स्वतः उजळवितो; पण उजळविलेला अंधार दाणेदार होतो. या दोषाचें गांभीर्य साधनांच्या अभ्यासकास विशेष आहे, कारण लेखाचा काल बहुधा प्रारंभीं किंवा शेवटीं दिलेला असतो, म्हणजे नेमका वरच्या डाव्या किंवा खालच्या उजव्या कोपऱ्यांत. चिंचवडच्या मोरया गोसावी यांच्या समाधिमंदिरांतील मराठी शिलालेखांत शके १५८०, विलंबी संवत्सर, कार्तिक शुद्ध १२ या दिवशीं काम सुरू होऊन विकारी संवत्सरांत आषाढ शुद्ध ४ स पुरें झाल्याचें नमूद आहे. शकांत १२ मिळवून ६० नें भागिलें असतां बाकी ३२ उरते व बत्तिसावें संवत्सर विलंबीच. तेव्हां अंक व नांव परस्परांची साक्ष देतात. अशा लेखाच्या चित्रांत अंक पुसट आला तर नांवावरून सांवरतां येईल. दोन्हीं पुसट आलीं तर तें छायाचित्र शोभेचें होईल, प्रमाण होणार नाहीं. म्हणून लेख चित्राच्या मधल्या दोन तृतीयांशांतच बसवावा, कडा मोकळ्या सोडाव्या.

(५) समांतरता व सरकतें भिंग. उंचावरील लेख टिपण्यासाठीं कॅमेरा वर कलविला कीं उभ्या रेषा वर निमुळत्या होतात. संगणकानें त्या सरळ करतां येतात, पण वरचीं अक्षरें ताणूनच. यावर खरा उपाय सरकत्या भिंगाचा. फुजीनॉनचें २०२३ सालीं निघालेलें ३० मि.मी. चें टिल्ट-शिफ्ट भिंग १५ मि.मी. पर्यंत सरकतें, तीन मीटरांवरून कॅमेरा न कलवितां दृष्टि दीड मीटर वर नेतां येते. ज्यास वाडे व देवळें टिपावयाचीं आहेत, त्यानें सर्वांत रुंद भिंगाच्या आधीं याचा विचार करावा.

दुसऱ्या कॅमेऱ्याचीं भिंगें अडॅप्टर लावून वापरतांना त्यांचें प्रकाशवर्तुळ ५५ मि.मी. कर्ण झांकतें कीं नाहीं हें पहावें. फुल-फ्रेमचीं सामान्य भिंगें ४३ मि.मी. च्या कर्णासाठीं केलेलीं असल्यामुळें त्यांत कोपरे काळे पडण्याचा संभव असतो. कॅनॉनच्या २४ मि.मी. टीएस-ई भिंगाच्या दुसऱ्या आवृत्तीचें वर्तुळ ६७.२ मि.मी. असल्यामुळें तें पटल झांकून थोडें सरकवितांहि येतें. फिल्मच्या काळचीं कांहीं रुंद भिंगें पटलावर प्रकाश फार तिरपा टाकतात. त्यानें एका बाजूस हिरवट व दुसरीस तांबूस छटा येते, आणि शाईच्या रंगावरून निष्कर्ष काढणाऱ्याची दिशाभूल होते.

(६) घेण्यापूर्वींची परीक्षा. पंचांगाचीं पांच सारखीं पानें सपाट भिंतीवर, एक मधोमध व चार चित्राच्या चार कोपऱ्यांत येतील अशीं लावावीं. कॅमेरा तिवईवर ठेवून, चारहि कोपऱ्यांपासूनचें अंतर टेपनें सारखें करून, एफ/४, ५.६, ८, ११ व १६ या छिद्रांवर चित्रें घ्यावीं. बारीक टाईप कोणत्या छिद्रापासून चारहि कोपऱ्यांत वाचतां येतो तें पहावें. एकच कोपरा इतर तिहींहून अस्पष्ट असेल तर आंतील कांचा मध्यापासून ढळल्या आहेत असें समजून तो नग परत करावा. एफ/११ च्या पुढें छिद्र लहान केल्यानें प्रकाशाच्या विवर्तनामुळें सर्वच चित्र मऊ पडूं लागतें. बहुधा एफ/८ व एफ/११ यांमध्येंच उत्तम फळ मिळतें.

ज्यास एकच भिंग घेणें शक्य आहे, त्यानें आमच्या मतें ३० च्या आसपासचें घ्यावें. दोन शक्य असतील तर ४५ व ३०. आणि २३ अथवा २१ चें, जेथें मागची भिंत खरोखरच पाठीस लागते तेथच्यापुरतें. प्रत्येक चित्रांत लेखाच्या पातळींत एक मोजपट्टी ठेवावी. भिंगाचें नांव, भिंतीपर्यंतचें अंतर व दिनांक वहींत लिहावे, आणि सुधारलेल्या चित्राबरोबर कॅमेऱ्यांतून निघालेली मूळ रॉ फाइल जपावी. मूळ प्रत फेंकून केवळ शुद्ध केलेली प्रत ठेवणाऱ्या लेखकास आपण दोष देतों. आपल्या संग्रहाविषयीं पुढच्या अभ्यासकास तसें म्हणण्याची पाळी येऊं नये.