भोंगे थांबले, मोऱ्या वाहत राहिल्या

फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पाहिलेल्या गावाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही, पण या वेळी फोटो सगळीकडे फिरले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः पाहणीला आले आणि प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना टाळं ठोका, असं यंत्रणेला बजावून गेले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत कारखान्यांना खरोखरच टाळं लागलं. ते लावलं करोनाने.

२२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या, २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. ठाण्यातल्या खोपटच्या आगारात एसटीच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि कधी नव्हे ते ठाणे स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर चिमण्या ऐकू येऊ लागल्या. घरात कोंडलेल्या माणसांच्या हातात फोन होते, आणि फोनमध्ये नद्या होत्या. व्हेनिसचे कालवे पारदर्शक झाले, गंगा हरिद्वारला पिण्याजोगी झाली, ठाण्याची खाडी गुलाबी पक्ष्यांनी भरली. आपली उल्हास नदीही निवळली, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. माणूस बाजूला झाला की निसर्ग आपलं आपण बघून घेतो, हा त्या महिन्यांतला सर्वांत लाडका निष्कर्ष होता.

आज मागे वळून पाहताना तो निष्कर्ष तपासून घ्यावासा वाटतो, कारण पुढची सगळी धोरणं त्याच्याच आधाराने बोलू लागली.

व्हेनिसचं उत्तर तर तेव्हाच मिळालं होतं. बोटींची ये-जा थांबल्याने तळाचा गाळ ढवळला जात नव्हता, म्हणून पाणी नितळ दिसत होतं, असं तिथल्या महापौरांच्या कार्यालयानेच सांगितलं. तिथल्या कालव्यातले म्हणून फिरवलेले डॉल्फिन तर दूर सार्डिनियातले निघाले. केरळच्या वेंबनाड सरोवराचा उपग्रहाच्या चित्रांवरून अभ्यास झाला, त्यात पाण्यातले तरंगते कण सरासरी सुमारे १६ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. ही घट खरी होती. पण कण घटणं वेगळं आणि पाणी स्वच्छ होणं वेगळं. मैल्यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि नितळ पाण्यातही ते सुखाने राहतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या १९ नद्यांची टाळेबंदीआधीची आणि टाळेबंदीतली तपासणी ताडून पाहिली. अंघोळीच्या पाण्याचे निकष असे: विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू, ३ मिलिग्रॅमच्या आत, शिवाय मैल्यातल्या जंतूंना मर्यादा. आधी या कसोटीला उतरणारी ठिकाणं होती सुमारे ७७ टक्के. एप्रिल २०२० मध्ये ती भरली सुमारे ७६ टक्के. देश बंद, आणि आकडा जवळपास जागच्या जागी. गोदावरी, कृष्णा, तापी सुधारल्या. बियास, चंबळ, सतलज आणि फोटोंमध्ये सर्वाधिक मिरवलेली गंगा या नद्यांची अवस्था बिघडली. मंडळाने कारण दिलं ते साधं आहे: प्रक्रिया न केलेलं सांडपाणी येतच राहिलं आणि ते विरळ करायला वरून पुरेसं ताजं पाणी नव्हतं.

हे कारण कल्याण-डोंबिवलीला जितकं लागू पडतं, तितकं क्वचितच दुसरीकडे पडत असेल. इथला माणूस एरवी सकाळी लोकल पकडतो आणि रात्री परततो. त्याचा दिवस मुंबईत जातो, म्हणजे त्याच्या दिवसाचं सांडपाणीही मुंबईच्या गटारात जातं. टाळेबंदीत ही लाखो माणसं चोवीस तास घरी होती आणि दर तासाला साबणाने हात धूत होती. याची कुणी मोजदाद केल्याचं मी वाचलेलं नाही, त्यामुळे हा माझा तर्क समजा. पण ठाकुर्लीच्या एखाद्या चाळीतल्या किंवा खोपटच्या इमारतीतल्या गृहिणीला विचारलं, तर त्या महिन्यांत मोरी कधी कोरडी पडली होती का, याचं उत्तर ती हसूनच देईल. मुंबईचा भार काही प्रमाणात उल्हासच्या आणि खाडीच्या काठावर येऊन बसला, असं म्हणायला जागा आहे.

शिवाय उन्हाळ्यातल्या उल्हासचं पाणी हे बरंचसं सोडलेलं पाणी असतं. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून वीज करून सुटलेलं आणि बारवी धरणातून येणारं. ते किती सुटतं, यावर कल्याणजवळच्या मोहन्याच्या बंधाऱ्यापाशी घाण दाट दिसणार की पातळ, हे ठरतं. टाळेबंदीचं श्रेय वाटताना हे कुणी धरलं नाही.

खरं तर या खोऱ्याने टाळेबंदी काही पहिल्यांदा पाहिली नव्हती. मोहन्याची एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन, नोव्हेंबर २००९ मध्ये बंद पडली. हजारो कामगारांचं गाव एका टाळ्याने सुनं झालं, देण्यांचे दावे वर्षानुवर्षं चालले. कारखान्याचा भोंगा गेला, नदीकाठ शांत झाला. आणि नदी? २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, देशात सर्वाधिक. त्या यादीत उल्हासचा मोहने ते बदलापूर हा पट्टा होता. मोठा कारखाना नऊ वर्षं बंद असूनही. कारण त्या नऊ वर्षांत बदलापूर वाढत होतं, म्हारळ-कांब्याला इमारती उठत होत्या, उल्हासनगरचा खेमाणी नाला नदीत पडत होता.

दुसरी टाळेबंदी वालधुनीची. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावून अकराव्या शतकातल्या शिवमंदिराला खेटून वाहणारी ही नदी उल्हासनगरात शिरली की तिथल्या जीन्सचे रंग घेऊन पुढे जायची. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्या पात्रात टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि मध्यरात्री शेकडो माणसं श्वास कोंडून इस्पितळात पोचली. ‘वनशक्ती’ या संस्थेने हरित लवादाचं दार ठोठावलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये उल्हासनगरचे जीन्स धुण्याचे कारखाने बंद झाले. हजारोंची रोजी गेली. वालधुनीचा निळा रंग ओसरला. पण कल्याणला रेल्वेच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो, तो आजही. रंग कारखान्यांचा होता, वास आपला आहे.

फ्लेमिंगोंचं तर आणखी गमतीचं. एप्रिल २०२० मध्ये ते नेहमीपेक्षा जास्त आल्याचं बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी सांगितलं. माणसांची आणि बोटींची वर्दळ नसल्याने ते निर्धास्त चरले, हे खरंच. पण ते खाडीत येतात ते सूक्ष्म शेवाळ खायला, आणि या शेवाळाला शहराच्या सांडपाण्यातून खत मिळतं. म्हणजे ज्या पक्ष्यांना आपण खाडी शुद्ध झाल्याचा पुरावा मानलं, त्यांच्या पंगतीचा वाढपी आपणच होतो. ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीला महत्त्वाच्या पाणथळ जागांचा रामसर दर्जा मिळाला, तेव्हाही हे फार कुणी बोललं नाही.

मग थांबण्याने काहीच साधलं नाही का? साधलं. रासायनिक भार त्या काही आठवड्यांत कमी झालाच असणार. औषधांचे आणि अत्यावश्यक वस्तूंचे कारखाने सोडले तर बाकी बहुतेक बंद होते. गोदावरी-कृष्णेची सुधारणाही नाकारण्याचं कारण नाही: निर्माल्य नव्हतं, कचरा नव्हता, गाड्या आणि गुरं धुणं नव्हतं. पण नदी सुधारते ती जे थांबलं तेवढ्यापुरती. देशात रोज ७२ हजार दशलक्ष लिटरहून जास्त सांडपाणी तयार होतं आणि त्यातल्या जेमतेम ३७ टक्क्यांवर प्रक्रिया करण्याची चालती यंत्रणा आहे, असं केंद्रीय मंडळाचाच २०२१ चा अहवाल सांगतो. महाराष्ट्राचा वाटा रोज ९ हजार दशलक्ष लिटरच्या वर. हे पाणी संचारबंदी पाळत नाही.

खोपटकराला हा हिशोब दोन्ही टोकांना लागतो. ठाण्याच्या पाण्यात एक वाटा भातसा नदीचा आहे, तो पिसे इथून येतो. एक उल्हासचा, तो पाणीपुरवठा करणारं स्टेम प्राधिकरण शहाडला उचलतं. आणि मोरीतून गेलेलं पाणी शेवटी खाडीला मिळतं. मधल्या अंतरात कोण काय मिसळतं, एवढंच आपल्याला दिसत नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यात मोहन्याजवळ पात्रावर जलपर्णीची हिरवी चादर होती आणि कल्याणचे कार्यकर्ते नदीत बसून उपोषण करत होते. जलपर्णी सांडपाण्यावर पोसते. ऑगस्टमध्ये लशीचे दोन डोस घेतलेल्यांना लोकलची दारं उघडली आणि डोंबिवलीचं दिवसाचं सांडपाणी पुन्हा मुंबईला जाऊ लागलं. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की डोंबिवलीतले १५६ धोकादायक रासायनिक कारखाने पाताळगंगेला हलवायचे. डोंबिवलीतल्या मे २०२४ च्या कारखान्यातल्या स्फोटानंतर ते हलवण्याची मागणी पुन्हा जोरात झाली. माणसांच्या जिवासाठी ते हलायला हवेतच, त्याबद्दल वाद नाही. फक्त नदीसाठी हलवतो आहोत असं कुणी म्हणू नये. डोंबिवलीच्या मोऱ्या इथेच राहणार आहेत, आणि पाताळगंगा हीसुद्धा एक नदी आहे. २०१८ च्या त्या ५३ पट्ट्यांत तिचंही नाव आहे.