जळगाव आडवं, धुळे उभं

जळगावच्या बसस्थानकावर धुळ्याच्या गाडीची पाटी शोधताना ही दोन नावं एकाखाली एक वाचून पाहावीत. ‘जळगाव’मध्ये शिरोरेषेच्या वर काही नाही, अक्षरांच्या पायाशीही काही नाही. चार अक्षरं, एक काना; सगळी गर्दी आडवी. ‘धुळे’ दोनच अक्षरांचं, पण एकाच्या पायात उकार आणि दुसऱ्याच्या डोक्यावर मात्रा. एकाला लांबी हवी, दुसऱ्याला उंची. एकाच मापाच्या पट्टीवर दोन्ही मोठी दिसायची, तर अक्षर अंगानं आवळावं लागतं.

पेंटर ते हातानं जमवायचा. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे (१९३५–२०२०) तर प्रत्येक नावासाठी अक्षर नव्यानं घडवत. फ्लेक्सवाला संगणकावर नाव निवडतो आणि कडेची खूण धरून आत ढकलतो. रुंदी साठ टक्क्यांवर आली की उभे दांडेही साठ टक्के जाडीचे उरतात. शिरोरेषा मात्र होती तेवढीच. डोक्यावर तुळई, खाली काड्या! खानदेशातल्या निम्म्या वाढदिवस-फलकांचं दुखणं हेच असावं.

खरा अरुंद टाईप मुळातूनच अरुंद काढावा लागतो. अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीचा ‘खंड’ (२०१४) तसा आहे. नावाचा खानदेशाशी संबंध नाही, कानाला तेवढा वाटतो. रेषा सगळीकडे जवळपास एका जाडीची आणि अक्षरांच्या पोटातली पोकळी मोकळी, मथळ्यासाठीच केलेला. त्याच फाउंड्रीचा ‘टेको’ आणखी चौकोनी वळणाचा. जपानी रेखाटनकार र्‍योइची त्सुनेकावा यांचा ‘बेबास न्यूए’ जगभर पोस्टरांवर दिसतो, पण त्यात नुसती कॅपिटल अक्षरं. काड्यापेट्या उभ्या रचाव्यात तशी ती रचता येतात. त्यांना ना वेलांटी, ना रफार.

देवनागरीत कसोटी लागते ती ‘ळ’ आणि ‘ध’ची. ‘ळ’चे दोन फुगे शेजारी शेजारी, दाबले की बुजतात. गोलाऐवजी चौकटीकडे झुकणारं वळण दिलं, तर तेवढ्याच जागेत पोकळी टिकते. भौमितिक घडणीचा खरा फायदा इथे. ‘ध’चं प्रकरण नाजूक आहे. त्याच्या डाव्या गाठीवर शिरोरेषा तुटलेली असते, आणि ती फट हीच त्याची ओळख. फट मिटली की धुळ्याचं ‘घुळे’ झालं.

दुकानांच्या पाट्यांबाबत २०२२च्या दुरुस्तीनं मराठी अक्षर इतर भाषेतल्या अक्षरापेक्षा लहान नको असं ठरवलं. उंची कमी करता येत नाही म्हटल्यावर दुकानदाराचा हात रुंदीकडेच वळणार. आणि जळगावच्या विद्यापीठाचं २०१८पासूनचं नाव आहे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. वेलांट्या, जोडाक्षरं, ‘ष्ट्र’ची खाली उतरणारी उतरंड. हे एका ओळीत बसवायला कुणी घेतलं, तर मी आधी ‘चौधरी’तल्या ‘ध’ची फट बघेन.