आजची भाजी आजच

हैदराबादच्या विद्यानगरात सकाळी दूधवाल्यापाठोपाठ हाळी येते ती 'आकुकूरलू'ची. तेलुगूत आकु म्हणजे पान आणि कूर म्हणजे भाजी, थोडक्यात आपली पालेभाजीच. गाडीवर ओलं गोणपाट आणि त्याखाली रचलेल्या जुड्या, ज्यांना इथे 'कट्टा' म्हणतात. घेणारी बाई एक देठ मोडून बघते. कट्कन मोडला तर भाजी पिशवीत जाते, लवला तर परत गाडीवर. व्यवहार अर्धा तेलुगूत, अर्धा दखनीत होतो आणि मराठी घर असेल तर दहा मिनिटांनी तीच भाजी मराठीत निवडली जाते.

या भागातल्या मराठी घरांत पालेभाज्यांना दोन-दोन, तीन-तीन नावं आहेत. माठाला 'तोटकूर', मायाळूला 'बच्चलिकूर', मेथीला 'मेंतिकूर'. चुका आणि 'चुक्ककूर' तर शेजारच्या घरातली भावंडंच वाटतात. घोळ तेलुगूत 'गंगवायल' होते आणि दखनीत 'कुल्फा'. सगळ्यांत मोठा गोतावळा अंबाडीचा. किनारी आंध्रात ती 'गोंगुरा', तेलंगणात 'पुंटिकूर', हैदराबादी मुसलमान घरात 'अंबाडा'. नाव कुठलंही घ्या, जीभ आंबट व्हायची ती होतेच.

माठाने तेलुगूला एक म्हणही दिली आहे. एक पोर लहानपणी माठाची जुडी चोरून आणतं, आई काही बोलत नाही. पुढे ते अट्टल चोर होतं आणि शिक्षेच्या वेळी आईला म्हणतं, त्या तोटकुरीच्या दिवशीच रागावली असतीस तर ही वेळ आली नसती! अजूनही चूक वेळीच रोखली नाही की तेलुगू माणूस 'तोटकूर नाडे' म्हणतो. चोरीची सुरुवात दाखवायला म्हणीने सोनंनाणं निवडलं नाही, माठ निवडला. इतकी ती भाजी तिथे रोजची.

मराठी माणसं इथे आली कशी, हे नकाशावरून कळतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. नांदेड, परभणी, औरंगाबादकडची गाडी काचीगुड्याला यायची आणि उच्च शिक्षणासाठी तिकडच्या मुलांना १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ जवळचं वाटायचं. काचीगुड्याच्या पुढचंच लोकल स्थानक विद्यानगर, त्यापुढे जामिया उस्मानिया. शिकायला किंवा नोकरीला आलेल्या अनेकांनी इथेच बिऱ्हाड केलं. त्यांच्याबरोबर अंबाडीची मराठवाडी तऱ्हाही आली. अंबाडी उकडून, पिळून, ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्यांत शिजवायची आणि वर चुरचुरीत लसणाची फोडणी. सोबत भाकरी. शेजारच्या तेलुगू घरात तीच पानं तुरीच्या डाळीत जाऊन 'गोंगुरा पप्पू' होतात किंवा तेलात परतून लाल मिरचीसह पच्चडी म्हणून बरणीत बसतात. हैदराबादी स्वयंपाकघरात ती मटणाबरोबर शिजते. उन्हाळ्याच्या तोंडावर चिंचेला कोवळी पालवी फुटली की पुन्हा तोच प्रकार घडतो. तेलुगू घरात 'चिंतचिगुरू पप्पू', पलीकडे 'चिगुर गोश्त'.

विद्यानगरपासून जवळच, तार्नाक्याला, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिची सुरुवातही १९१८ चीच, पण कुन्नूरला. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी तिथे बेरीबेरीच्या अभ्यासासाठी छोटी प्रयोगशाळा उभी केली. १९५८ साली ती हैदराबादला आली. त्या वेळी संचालक होते डॉ. व्ही. एन. पटवर्धन. भारतीय माणूस जे खातो त्यात नेमकं काय असतं, हे मोजून तक्ते बनवायचं काम ही संस्था वर्षानुवर्षं करत आली आहे. २०१७ च्या तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत.

त्या तक्त्यांत पालकाची थोडी फजिती होते. ताकदीची भाजी म्हटलं की पालकच डोळ्यांसमोर येतो, पण १०० ग्रॅम पालकात लोह सुमारे ३ मिलिग्रॅम, तर हिरव्या माठात साडेचारच्या वर. कॅल्शियमचा फरक आणखी मोठा आहे. पालकात ८० मिलिग्रॅमच्या आसपास, माठात सुमारे ३३०. शिवाय पालकातलं ऑक्झॅलेट त्याच्या कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे ते अंगी फारसं लागत नाही. पानांतलं लोहही शरीर सहज घेत नाही. सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते जास्त शोषलं जातं. माठाच्या भाजीवर वरून लिंबू पिळणाऱ्या आजीला हे रसायन ठाऊक नसेल, पण हात बरोबर पडायचा.

गर्द हिरव्या पानांतलं बीटा कॅरोटीन शरीरात अ जीवनसत्त्व बनतं. या जीवनसत्त्वाअभावी लहान मुलांची दृष्टी जायची. या संस्थेतल्या संशोधनाच्या आधारे १९७० साली मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. ताटातली पालेभाजी हा त्यावरचा रोजचा, साधा उपाय. २००० किलोकॅलरीच्या आहारात दिवसाला भाज्या आणि पालेभाज्या मिळून ४०० ग्रॅम असाव्यात, असं संस्था सांगते.

एवढे गुण असूनही पालेभाजी मोठ्या बाजारात मागे पडते, कारण तिला थांबता येत नाही. कांदा महिनोन्महिने राहतो, बटाटा शीतगृहात झोपतो. पान मात्र तोडल्यावरही पाणी सोडत राहतं. मुळाकडून नवं पाणी येत नाही, मग ते मलूल होतं, पिवळं पडतं आणि त्यातलं क जीवनसत्त्वही घटत जातं. म्हणून ती गावाच्या कडेलाच पिकवावी लागते, पहाटे तोडावी लागते, दुपारच्या आत विकावी लागते. मेहदीपट्टणम, एर्रागड्डा इथल्या रयतू बाजारांत शेतकरी ती स्वतः आणून विकतात. हे बाजार १९९९ साली सुरू झाले. घरी आणल्यावर मात्र भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून धुतली तर पाण्याबरोबर जीवनसत्त्वंही मोरीत जातात.

जवळची म्हणजे चांगलीच, असंही नाही. शहरातून वाहणाऱ्या मुसी नदीत सांडपाणी मिसळतं आणि शहराच्या पूर्वेला त्याच पाण्यावर चारा, भात आणि पालेभाज्या पिकवल्या गेल्या आहेत. अशा पाण्यातून जड धातू आणि रोगजंतू पानांपर्यंत पोचण्याची भीती असते. जंतू नीट धुण्या-शिजवण्याने आटोक्यात येतात, धातू येत नाहीत. म्हणून गाडीवालीला 'ताजी आहे का' विचारतानाच 'कुठल्या पाण्यावरची' हेही विचारावं.

काहींनी यावर घरच्या घरी तोड काढली आहे. तेलुगू कथाकार तुम्मेटी रघोत्तम रेड्डी यांनी हैदराबादजवळ नारपल्लीला आपल्या घराच्या गच्चीवर भाजीबाग फुलवली. गच्चीवरच्या बागेला तेलुगूत 'मिद्दे तोट' म्हणतात आणि हा शब्द त्यांच्यामुळे घरोघरी पोचला. विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये गच्ची वाट्याला येईलच असं नाही. पण कोवळ्या पानांना खोल मातीची गरज नसते, ऊन आणि रोजचं पाणी पुरतं. स्वयंपाकघरातल्या डब्यातले मूठभर मेथीदाणे रात्रभर भिजवून पसरट कुंडीत पेरले, तर तीन-चार आठवड्यांत एका वेळची भाजी निघते.