हवेचा हिशेब : लहान टर्बो पेट्रोल इंजिनाविषयीचे गैरसमज

मोटारगाडीचे सामर्थ्य तिच्या इंजिनाच्या सीसीवरून जोखण्याची सवय आपल्याकडे इतकी खोलवर रुजलेली आहे की, चार मीटरांच्या आत बसणारी एखादी उंच, ऐसपैस कॉम्पॅक्ट एसयूव्ही केवळ ९९९ सीसीच्या तीन सिलिंडरांवर चालते असे विक्रेत्याने सांगताच कुटुंबातील वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर संशय उमटतो, आणि एवढ्या देहाला एवढेसे इंजिन म्हणजे ग्राहकाची शुद्ध फसवणूक होय, असा निकाल गाडी जागची हलण्यापूर्वीच दिला जातो. हा संशय अगदीच निराधार आहे असे मात्र म्हणता येणार नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी १०८९ सीसीतून सुमारे ४० अश्वशक्ती देत असे, आणि त्या पिढीच्या गाड्यांमध्ये सीसी वाढली की बळ वाढले हा ठोकताळा व्यवहारात बहुधा खरा ठरत असे. आज चाकणला तयार होणारी स्कोडा कायलॅक ९९९ सीसीतून ११५ अश्वशक्ती काढते. या तफावतीचे काही श्रेय इंधन मोजून सोडणाऱ्या संगणकाला आणि सुधारलेल्या धातुकामाला असले, तरी तिचे मुख्य कारण ज्या वस्तूत आहे, ती वस्तू सीसीत मोजली जातच नाही. ती वस्तू म्हणजे हवा.

एक किलो पेट्रोल नीट जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते, आणि साध्या इंजिनाला ती वातावरणाच्या दाबाने जेवढी आत शिरेल तेवढीच मिळते. सीसी हे पिस्टन खाली सरकताना सिलिंडरांत मोकळ्या होणाऱ्या जागेचे माप आहे. परंतु पायलीच्या आकारावरून तिच्यात धान्य सैल ओतले आहे की दाबून भरले आहे हे जसे कळत नाही, तसेच सीसीवरून आत किती हवा गेली हेही कळत नाही. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावर बसविलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात सारावी, या कल्पनेचे पेटंट स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ साली घेतले, आणि टर्बोचार्जरचे मूलतत्त्व आजही तेच आहे. दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती वाटेत इंटरकूलरमधून नेऊन थंड करावी लागते. एवढी तजवीज केल्यावर आतला दाब वातावरणाच्या दुप्पट राखता आला, तर एक लिटरचे इंजिन जवळजवळ दोन लिटरांच्या इंजिनाइतकी हवा घेते, आणि तेवढ्याच प्रमाणात पेट्रोलही जाळू शकते. हे शेवटचे वाक्य वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण अॅव्हरेजविषयीच्या सगळ्या तक्रारींचे मूळ तेथेच आहे.

कंपन्या काटकसरीपोटी इंजिन लहान करतात, हा दुसरा समज. वस्तुतः टर्बो, इंटरकूलर, त्यांच्या नळ्या आणि अधिक उष्णता सोसणारे धातू यांमुळे हे इंजिन तेवढ्याच सीसीच्या साध्या इंजिनापेक्षा महाग पडते. त्याच्या लहानपणामागे यंत्रशास्त्राइतकाच महसूल खात्याचाही हात आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरांहून अधिक लांब नसलेल्या आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असलेल्या मोटारींना अबकारी करात सवलत दिली. पुढे वस्तू व सेवा कर आला तरी ही सीमारेषा कायम राहिली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून रेषेच्या अलीकडच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के व पलीकडच्या गाडीवर ४० टक्के अशी आकारणी लागू झाली. कायदा पायली मोजतो, आतले धान्य मोजीत नाही. तेव्हा पायली लहान ठेवून ती दाबून भरणे हाच अभियंत्यांपुढचा सरळ आणि पूर्णपणे कायदेशीर मार्ग होता. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे प्रदूषण नियम आल्यावर लहान डिझेल इंजिने महाग होऊन अनेक कंपन्यांनी ती बंद केली, आणि डिझेलच्या ओढीची सवय झालेल्या गिऱ्हाइकापुढे काय ठेवावे या प्रश्नालाही हेच उत्तर होते.

ही ओढ कशी असते याविषयी तर फारच मोठा गैरसमज आहे. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरपासून आणि विशेषतः रेनॉने १९७७ मध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीत टर्बो गाडी उतरविल्यापासून टर्बो म्हणजे वेग हे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले. कौटुंबिक गाडीतील टर्बोचे कार्य मात्र कमाल वेग वाढविणे हे नसून, इंजिन सावकाश फिरत असतानाच पुरेसा टॉर्क मिळवून देणे हे आहे. मारुती सुझुकी फ्रॉन्क्स ही एकच गाडी दोन इंजिनांसह मिळत असल्यामुळे तुलनेला सोयीची पडते : तिचे १.२ लिटरचे साधे इंजिन ११३ न्यूटन मीटर टॉर्क देते, पण तो मिनिटाला ४४०० फेऱ्यांवर. तर एक लिटरचे टर्बो इंजिन १४७.६ न्यूटन मीटर २००० फेऱ्यांपासूनच देऊ लागते आणि ४५०० पर्यंत टिकवून धरते. खंबाटकी किंवा कसारा घाटात पाच माणसे आणि सामानासह ट्रकच्या मागून बाहेर पडताना पहिल्या इंजिनाला गिअर उतरवून, ओरडून जे साधावे लागते, ते दुसरे त्याच गिअरमध्ये शांतपणे साधते. उंचीवरचा लाभ याहून मोठा आहे. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे पंधरा टक्के कमी असतो, आणि ५३०० मीटरांहून उंच असलेल्या लडाखच्या खारदुंग ला खिंडीत तो जवळजवळ निम्म्यावर येतो. साध्या इंजिनाचे बळ त्याच प्रमाणात घटते, टर्बो मात्र अधिक वेगाने फिरून ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो.

मात्र १५०० फेऱ्यांच्या खाली बाहेर पडणाऱ्या वायूंचा झोत क्षीण असतो, टर्बो जागा झालेला नसतो, आणि त्या क्षणी गाडीत खरोखरच फक्त एक लिटरचे इंजिन असते. गतिरोधकावरून दुसऱ्या गिअरमध्ये पुढे निघताना जाणवणारा मंदपणा हा दोष नव्हे, ते या रचनेचे अंगभूत लक्षण आहे. लहान आणि हलकी चक्रे वापरून तो पुष्कळ कमी झाला आहे, नाहीसा झालेला नाही. तो नाहीच असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

आता अॅव्हरेज. टर्बो गाडी पेट्रोल पिते असे एक पक्ष म्हणतो, लहान इंजिन म्हणजे बचत असे दुसरा, आणि दोघांनाही अनुभवाचा आधार असतो, कारण चालकाच्या उजव्या पायाखाली वस्तुतः दोन इंजिने असतात. संथ गतीने चालविताना तीन सिलिंडरांचे घर्षण कमी, आणि मोठ्या इंजिनाच्या मानाने अर्धवट मिटलेल्या वाटेतून हवा ओढण्यात शक्तीही कमी खर्ची पडते. पाय दाबताच मात्र दोन लिटरांच्या इंजिनाची भूक जागी होते, आणि धातू व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फार तापू नयेत म्हणून संगणकास कधीकधी गरजेपेक्षा अधिक पेट्रोल सोडावे लागते. मॅन्युअल गिअरच्या फ्रॉन्क्सचे प्रमाणित आकडे साध्या इंजिनासाठी लिटरला २१.७९ किलोमीटर आणि टर्बोसाठी २१.५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सारखेच आहेत. पण प्रयोगशाळेतील ज्या चाचणीतून असे आकडे निघतात तिच्यात वेग ताशी ९० किलोमीटरांच्या वर जात नाही, आणि समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. ताशी ८० वरून १२० वर गेल्यास हवेचा विरोध सव्वादोन पट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती सुमारे ३.४ पट, एसयूव्हीचा उंच, उभट पुढा हा विरोध आणखी वाढवितो. तेथे आटलेल्या अॅव्हरेजचा सगळा दोष टर्बोच्या माथी मारणे वाजवी नाही.

अशा गाडीला महागडे पेट्रोलच लागते, हाही समज तपासण्याजोगा आहे. दाबलेले मिश्रण ठिणगी पडून ज्योत पसरत असताना उरलेल्या भागात आपोआप भडकू लागते, त्यास नॉकिंग म्हणतात. ऑक्टेन जितके अधिक तितका हा धोका कमी. आपल्या साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ९१ होते, वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाच्या मानकात ते ९५ आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या उसातूनही येणारे हे इथेनॉल नॉकिंगच्या दृष्टीने टर्बो इंजिनास उपकारकच ठरते. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असल्यामुळे अशा मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमागे साधारण सात टक्के ऊर्जा कमी मिळते, आणि जुन्या गाडीतील रबरी नळ्या त्यासाठी योग्य आहेत की नाहीत हे पाहावे लागते. इंधनाच्या झाकणावर वा पुस्तिकेत जो मजकूर छापलेला असेल, तोच प्रमाण मानावा.

आयुर्मानाचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टर्बो लवकर जातो ही भीती पूर्वी खरी होती, आज ती बव्हंशी ऑइलच्या हयगयीशी निगडित आहे. या चक्राचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेऱ्या घेऊ शकतो, त्याच्या एका बाजूचे वायू ९०० अंश सेल्सियसच्याही वर तापतात, आणि तो ऑइलच्या अत्यंत पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल काळे, कमी किंवा भलत्याच दर्जाचे असेल तर तो थर तुटतो. मग नुकसान टर्बोचे होते आणि बदनामी रचनेची. शिवाय कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये, पाय जोराने दाबल्यास ठिणगीपूर्वीच मिश्रण भडकण्याची एक घातक प्रवृत्ती या इंजिनांत आढळते, ज्यामुळे पिस्टन फुटूही शकतो. ऑइलमधील कॅल्शियमयुक्त घटकांचा तिच्याशी संबंध असल्याचे दिसून आल्यावर २०२० पासून एपीआय एसपी ही श्रेणी अमलात आली, आणि तिच्यात या प्रवृत्तीविरुद्ध चाचणी आहे. म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातील कोणतेही ऑइल चालते हे म्हणणे येथे मुळीच खपवून घेऊ नये, आणि पाचव्या गिअरमध्ये ताशी चाळीसने रेटण्यापेक्षा गिअर उतरवावा.

गाडी बंद करण्यापूर्वी इंजिन पाच मिनिटे नुसते चालू ठेवावे, असा सल्ला मिस्त्री मंडळी अजूनही देतात. तापलेल्या दांड्याभोवती अडकलेले ऑइल जळून कोळसा होई, त्या काळातला तो सल्ला आहे. आता दांड्याच्या घरातून पाणी खेळविलेले असते, काही इंजिनांत तर बंद केल्यानंतरही विजेचा पंप ते फिरवीत राहतो. शेवटचा एखादा किलोमीटर सावकाश आणला की बहुधा काम भागते. घाट चढून लगेच थांबल्यास मिनिटभर चालू ठेवण्यास हरकत नाही.

तीन सिलिंडरांच्या कंपाविषयी थोडक्यातच सांगतो. चार सिलिंडरांत दर १८० अंशांवर स्फोट होतो, तीनांत २४० अंशांवर, आणि इंजिनाची दोन टोके आलटूनपालटून वरखाली होऊ पाहतात. त्यामुळे उभ्या गाडीत थरथर जाणवते, आणि ती इंजिनाचे माउंट व तोलाची वजने यांनी शमविली जाते. कंप म्हणजे झीज असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

ज्यांचे रोजचे जाणे शहरातील गर्दीत पाचसात किलोमीटरच आहे, त्यांनी त्याच गाडीचे साधे इंजिन घ्यावे. टर्बोसाठी मोजलेले अधिक पैसे तेथे क्वचितच कामी येतात. घाटाचे, लांबचे, भरल्या गाडीचे प्रवास ज्यांना वारंवार घडतात, त्यांनी टर्बो अवश्य घ्यावा, मात्र चाचणीसाठी शोरूमबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर एकट्याने फेरी न मारता, सारे कुटुंब बसवून आणि एसी लावून एखाद्या चढावर गाडी थांबवावी व तेथून निघून पाहावी.