बॉनेटचा खटका: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुनी गाडी पुन्हा उभी करताना इंजिनाला वेळ मिळतो, रंगाला मिळतो, सीटच्या कव्हरलाही मिळतो. बॉनेटचा खटका मात्र बहुतेक ठिकाणी गाडी गॅरेजबाहेर काढायच्या दिवशी बसवला जातो. दीपनगर-भुसावळपासून धुळे-शिरपूरपर्यंत जुन्या गाड्यांचा विषय निघाला की तीन नावं आधी येतात: महिंद्राची जीप, अँबॅसिडर आणि फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी. तिघींची घडण वेगळी, देश वेगळे, आटेसुद्धा वेगळे. तरी खटक्याबद्दलच्या समजुती तिघींच्या मालकांच्या सारख्याच असतात, आणि त्यातल्या काही थेट जिवावर बेतू शकतात.

“बॉनेट नीट बसत नाही? खटका आवळा.”

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. खटक्याचं काम जागेवर आलेलं बॉनेट धरून ठेवणं एवढंच आहे. बॉनेट जागेवर आणतात त्या बिजागऱ्या आणि रबरी बफर. खटक्याने ओढून बॉनेट बसवलं तर पत्रा कायमच्या ताणाखाली राहतो. मग पुढची कड वाकते, कोपऱ्यांवर रंगाला तडे जातात आणि खड्ड्यातून जाताना खटक्याच्या भोकांभोवतीचा पत्रा फाटू लागतो.

क्रम असा ठेवावा. खटका पूर्ण काढून बाजूला ठेवा. बिजागऱ्यांचे बोल्ट सैल करून बॉनेट मागेपुढे, डावीउजवीकडे सरकवा आणि दोन्ही मडगार्डांशी फट सारखी करा. मागची उंची बिजागरीखाली पत्री घालून जमते, पुढची उंची बफर वरखाली करून. बॉनेट नुसतं टेकवल्यावर चारही बाजूंनी बरोबर दिसलं, की मगच खटका लावायचा.

अँबॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डची लेक. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांच्या पद्धतीत बॉनेटखाली स्प्रिंग घातलेली खुंटी असते आणि समोरच्या आडव्या पत्र्यात तिचं घर. खुंटीच्या टोकाला थोडं ग्रीस किंवा रंग लावून बॉनेट हलकेच टेकवा, डाग कुठे पडतो ते पाहा. डाग भोकाच्या मधोमध येईपर्यंत घर सरकवायचं. खुंटी आट्यांवर असते, म्हणून तिची लांबी कमीजास्त करता येते. लांबी जमली की चेक नट आवळायचं विसरू नका. ते सैल राहिलं तर धक्क्यांनी खुंटी फिरत जाते.

आणि हे सगळं रंगाच्या आधी, उघड्या पत्र्यावर किंवा प्रायमरवर करायचं. भोक रुंद करावं लागलं, कोपरा ठोकावा लागला, तरी तेव्हा काही बिघडत नाही. रंगानंतर तीच कामं रडवतात.

जीपचा मामला निराळा. तिचं बॉनेट काचेच्या बाजूला बिजागरीवर उघडतं आणि दोन्ही अंगांना बाहेरून दिसणारे स्प्रिंगचे कॅच असतात. बॉनेट खडखडतं म्हणून कॅचचा आकडा ठोकून वाकवलेल्या जीपा अनेक दिसतात. खडखडाटाचं मूळ सहसा दुसरीकडे असतं: बॉनेट ज्या कापडी किंवा रबरी पट्टीवर टेकतं, तीच झिजलेली किंवा गायब असते. आधी पट्टी नवी घाला. मग दोन्ही कॅच हाताने लावून ताण सारखा आहे का ते पाहा. एक बाजू घट्ट आणि दुसरी ढिली असेल, तर वाऱ्याचा जोर ढिल्या बाजूलाच काम करतो.

“जोरात आपटलं की पक्कं लागतं.”

नीट जुळवलेलं बॉनेट वीत-दीड वीत उंचीवरून सोडलं की स्वतःच्या वजनाने लागतं. आपटावं लागत असेल तर खुंटी तिरकी आहे, स्प्रिंग फार कडक आहे किंवा बफर जास्त वर आहेत. दर वेळी आपटल्याने खुंटीभोवतीचा पत्रा आत दबत जातो.

इथे एक सावधगिरी. नवा खटका बसवल्यावर बॉनेट लगेच बंद करू नका. बॉनेट उघडं असतानाच स्क्रूड्रायव्हरने दाबून खटका लावा आणि आतल्या दट्ट्याने केबल ओढून तो सुटतो का ते तीन-चारदा पाहा. केबल उलटी बसली असेल किंवा तिचा स्क्रू सैल असेल तर पहिल्याच बंद करण्यात बॉनेट अडकतं, आणि मग जाळी कापण्यापर्यंत वेळ येते. ज्यांच्या गाडीला केबल आहे त्यांनी खटक्याला एक जादा बारीक तार बांधून ती खालून हाताला येईल अशी लपवून ठेवावी. केबल तुटली तर तीच कामी येते.

“मे महिन्यात बॉनेट तापून फुगतं, म्हणून अडकतं.”

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे हे पटण्यासारखं वाटतं. हिशेब करून पाहू. पोलाद एका अंशाला साधारण दशलक्षात १२ भाग वाढतं. सव्वा मीटर लांबीचं बॉनेट ४० अंशांनी जास्त तापलं तरी वाढ ०.६ मिलिमीटर होते, आणि शेजारचा पत्राही थोडा वाढतोच. चार-पाच मिलिमीटरची फट त्याने भरत नाही. खरा अडथळा असतो तो वाळून घट्ट झालेलं ग्रीस आणि उन्हाने कडक झालेली रबरं.

इकडे त्यात आणखी एक भर आहे. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची कोळशाची राख या भागाला नवी नाही. ही राख मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिनाची, म्हणजे घासणारी. “जितकं ग्रीस जास्त तितकं चांगलं” असं मानून खटका ग्रीसने भरला तर राख-धूळ त्यात चिकटते आणि सरकणारे भाग पॉलिश पेपरखाली आल्यासारखे झिजतात. रॉकेलने धुऊन, पुसून, ग्रॅफाइटची भुकटी किंवा पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात. उन्हाळ्यात हे काम महिन्याला करावं.

“सगळं चकचकीत क्रोम, म्हणजे अस्सल.”

बाहेरून दिसणारे हँडल क्रोमचे असत. आतले खटके, स्प्रिंगा, पत्र्या बहुधा साध्या जस्ताच्या मुलाम्याच्या किंवा रंगवलेल्या. त्यांना क्रोम देणं हा अस्सलपणा नव्हे. स्प्रिंगच्या बाबतीत तर ते धोक्याचं आहे. ॲसिडमध्ये धुताना आणि विजेने मुलामा देताना हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. म्हणून कारखान्यात अशा स्प्रिंगा मुलाम्यानंतर लगेच सुमारे २०० अंशांवर काही तास भाजतात. गावातला मुलामेवाला हे करत नसेल तर स्प्रिंग त्याच्याकडे देऊच नका. तिला काळा रंग पुरे.

“बोल्ट बोल्टच असतो.”

जीपचे आटे अमेरिकी इंची, जुन्या अँबॅसिडरचे बहुतांश यूएनएफ, फियाटचे मेट्रिक. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर आणि एम ८ म्हणजे ८. डोळ्यांना फरक कळत नाही. बोल्ट दोन-तीन आटे जातो, अडतो, आणि मिस्तरी पान्याला जोर लावतो. नटाचे आटे तिथेच मरतात. जुना बोल्ट सोबत नेऊन आट्यांच्या गेजवर ताडून घ्या.

“दुसरा कॅच शोभेचा.”

पुढून उघडणाऱ्या बॉनेटला मुख्य खटक्याशिवाय सहसा एक आकडा असतो, तो बोटाने सारल्याशिवाय बॉनेट वर येत नाही. मोडलेला असेल तर कित्येक जण तो काढूनच टाकतात. चालत्या गाडीत जाळीतून शिरलेली हवा बॉनेटला खालून ढकलते, वरून जाणारी हवा त्याला वर ओढते. मुख्य खटका सुटला आणि आकडा नसला तर बॉनेट काचेवर येऊन आदळतं आणि समोरचं काहीही दिसत नाही. अमेरिकेत पुढून उघडणाऱ्या बॉनेटला असा दुसरा बंदोबस्त १ जानेवारी १९६९ पासून नियमाने सक्तीचा आहे. आपली गाडी त्याआधीची असली तरी हवेचा जोर तोच आहे. मूळ गाडीत आकडा नसेल तर चामड्याचा पट्टा लावा. जुन्या गाड्यांवर तो शोभतो.

सुटे भाग बदलले तर कायदा आडवा येईल, ही भीतीही दूर करतो. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून व्हीए मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा ही अट आहे. खटका, स्प्रिंग, बफर बदलणं हा तसा फेरफार नाही. मात्र घरातली प्रत्येक जुनी गाडी व्हिंटेज ठरत नाही: पद्मिनी हे नावच १९७० च्या दशकातलं, त्यामुळे बहुतेक पद्मिनींना अजून थांबावं लागेल.

गाडी महामार्गावर काढण्याआधी एवढं करा: बॉनेट लावून पुढची कड दोन्ही हातांनी वर ओढा, मग केबल ओढून दुसरा आकडा एकटा बॉनेट धरतो का ते पाहा. धरत नसेल तर गाडी घरीच राहू द्या.